गाय ‘खाली’ आहे हे लवकर कळावे म्हणून

पारगाव परिसरात जनावरांच्या डॉक्टरला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच : ‘डॉक्टर, गाभण आहे का?’ उत्तर ‘हो’ आले की गोठ्यात चहा होतो. ‘नाही’ आले की मालक गप्प होतो, आणि घरातले कोणीतरी रेतन करून गेलेल्या माणसाचा उद्धार करते. या दोन उत्तरांपैकी पैशाच्या दृष्टीने मोलाचे उत्तर ‘नाही’ हे आहे, असे माझे अनेक वर्षांच्या व्यवसायानंतरचे मत आहे. गाभण गाय आपण तपासली नाही तरी नऊ महिने नऊ दिवसांनी विणारच आहे. खाली राहिलेली गाय मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ती गाभण गाईसारखीच शांत उभी असते, तितकाच चारा खाते, तशीच रवंथ करते. सोनोग्राफीचे यंत्र गोठ्यात न्यायचे ते मुख्यतः या गाईसाठी.

पारगाव म्हटले की कोणते, हेही सांगायला हवे. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, आणि आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचे पारगाव आहे. तालुके दोन असले तरी गोठे सारखेच. कुकडी आणि घोड या नद्यांच्या पाण्याने दोन्हीकडे ऊस आला, उसाबरोबर वाढे आले, घास आणि हत्तीगवत आले, आणि चाऱ्याच्या भरवशावर दावणीला काळ्या-पांढऱ्या संकरित गाई उभ्या राहिल्या. मंचरला १९९२ साली सुरू झालेला पराग डेअरीचा प्रकल्प, पुणे जिल्हा संघाचे ‘कात्रज’, शिवाय गावोगावची संकलन केंद्रे यांमुळे दूध खपायची चिंता नाही. कांद्याचा भाव पडतो तेव्हा घर चालते ते दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर. हे बिल चालू ठेवायचे तर गाय वेळेवर विणे भाग आहे, आणि वेळेवर विण्यासाठी वेळेवर गाभण राहणे भाग आहे.

ही अडचण आजोबांच्या काळात अशी नव्हती. तेव्हा गावात वळू असे. कोणती गाय माजावर आहे हे त्याला बरोबर कळे, रात्री-अपरात्री कळे, आणि त्याचे काम तो करून मोकळा होई. पुढे चित्र बदलले, आणि त्या बदलाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातली आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. गावठी गाईला होल्स्टीन फ्रिजियन किंवा जर्सी वळूचे गोठवलेले वीर्य भरायचे, तेही शेतकऱ्याच्या दारात जाऊन, ही पद्धत या संस्थेने महाराष्ट्रात रुजवली. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत परदेशी वळू मोटारसायकलवरून गावात येऊ लागला. दूध वाढले, यात वाद नाही. पण त्याच वेळी गावचा वळू गेला, आणि त्याच्याबरोबर माज ओळखणारे नाकही गेले. ते काम माणसाच्या डोळ्यांवर आले. या डोळ्यांना दिवसभर शेत, धार, मुलांची शाळा, पाण्याची पाळी एवढे सगळे पाहायचे असते.

गाईचे ऋतुचक्र साधारण एकवीस दिवसांचे. माज टिकतो बारा ते अठरा तास; भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईत तर कित्येकदा आठ तासांहूनही कमी. त्यात बराचसा रात्री. माजाची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली असता स्थिर उभे राहणे. आमच्याकडे बहुतेक गाई दावणीला बांधलेल्या; त्या चढणार कोणावर आणि उभ्या राहणार कशा? मुक्त संचार गोठा केलेल्यांना हे लवकर दिसते. बाकीच्यांना सोट, हंबरणे, दूध अचानक कमी होणे एवढ्याच खुणा. उन्हाळ्यात म्हशीचा मुका माज तर तिच्या मालकालाही चकवतो. एक माज हुकला म्हणजे एकवीस दिवस गेले. दोन हुकले म्हणजे दीड महिना.

यात फसवा भाग असा की रेतनानंतर गाय पुन्हा माजावर आली नाही, की ती गाभण आहे असे आपण धरून चालतो. न दिसलेला माज आणि न आलेला माज यांत फरक करायला आपल्याकडे काही साधन नसते. समजा, दहा गाईंना रेतन केले आणि त्यांतल्या चार गाभण राहिल्या. उरलेल्या सहांपैकी तीन एकविसाव्या दिवशी उलटल्या आणि मालकाने ते पाहिले. राहिल्या तीन. त्या चुपचाप उभ्या आहेत. हाताने तपासणी करायची तर आमच्या भागात ती बहुधा तिसऱ्या महिन्यात होते. तीसाव्या दिवशी सोनोग्राफी केली तर प्रत्येक गाईमागे साठ दिवस वाचतात, तिघींचे मिळून एकशे ऐंशी. गाईचा रोजचा खर्च दोनशे रुपये धरला तरी छत्तीस हजार होतात. हा हिशेब ढोबळ आहे. गाय त्या काळात दूध देत असेल तर तोटा लगेच जाणवत नाही. तो जाणवतो वर्षभराने, जेव्हा वेताला तेरा महिन्यांऐवजी सतरा-अठरा महिने लागतात आणि भाकडकाळ संपता संपत नाही.

आता यंत्राविषयी. सोनोग्राफी म्हणजे क्ष-किरण नव्हेत, हे मला दर दुसऱ्या गोठ्यात सांगावे लागते. ‘गाभ खराब होईल का, डॉक्टर?’ असे काळजीने विचारणाऱ्या मावशींना मी सांगतो की हा नुसता आवाज आहे, आपल्या कानाला ऐकू न येणारा. काही स्फटिकांना दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते, हे जॅक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. उलट वीज दिली की असा स्फटिक थरथरतो. प्रोबच्या टोकाला असे स्फटिक रांगेने बसवलेले असतात. ते आवाजाची लहर शरीरात सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतात. पाण्यातून लहर सरळ पुढे जाते, प्रतिध्वनी येत नाही, म्हणून द्रव पडद्यावर काळा दिसतो. हाडावरून ती जोरात परतते, म्हणून हाड पांढरे. मांस, गर्भाशयाची भिंत, बीजकोष हे करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत. हवा मात्र या लहरीची वैरीण. प्रोब आणि अंग यांच्यामध्ये जराशी हवा राहिली तरी पडदा कोरा पडतो. जेल लावायचे ते यासाठी, आणि गाईच्या मलाशयातले शेण आधी नीट काढून घ्यायचे तेही यासाठी. नवीन डॉक्टरची निम्मी निराशा यंत्रामुळे नसते, उरलेल्या शेणामुळे असते.

लहरीची कंपने जितकी जास्त तितके चित्र बारीक, पण पोहोच कमी. गाईचे गर्भाशय मलाशयाच्या अगदी खाली असते, म्हणून तिथे पाच ते साडेसात मेगाहर्ट्झचा बोटभर रुंदीचा सरळ प्रोब हातात धरून आत नेतात. शेळीला तो आत नेणे गैरसोयीचे, म्हणून तिच्या मागच्या मांडीजवळच्या बिनकेसाच्या त्वचेवर साडेतीन ते पाच मेगाहर्ट्झचा अर्धगोल प्रोब टेकवतात. अर्धगोल प्रोब बायकांच्या पोटावर ठेवतात त्याच जातीचा असतो, हे लक्षात ठेवा. पुढे कायद्याची गोष्ट येईल तेव्हा ते लागेल.

वैद्यकात हे तंत्र कारखान्यातून आले. धातूतली भेग शोधण्यासाठी असे यंत्र वापरीत. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी ते स्त्रियांच्या पोटातील गाठी पाहण्यासाठी वापरून बघितले आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. जनावरांचा नंबरही लवकरच लागला. १९६६ साली आयव्हन लिंडाल यांनी मेंढीचे गाभणपण या लहरींनी ओळखता येते असे दाखवले. पण आज आपण गोठ्यात करतो त्या तपासणीचा खरा आरंभ १९८० साली फ्रान्समध्ये झाला. पामर आणि ड्रियांकूर यांनी घोडीच्या मलाशयातून प्रोब नेऊन बीजकोष व गर्भाशय पडद्यावर पाहिले. शर्यतीच्या घोडीची किंमत लक्षात घेता पहिला मान तिला मिळाला यात नवल नाही. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ओ. जे. जिंथर आणि रॉजर पिअरसन यांनी हेच गाईत केले, आणि तिथे एक जुना समज मोडला. बीजकोषातील पुटके एकवीस दिवस एकसारखी हळूहळू वाढत नाहीत. ती लाटांनी येतात. एका चक्रात दोन किंवा तीन लाटा. प्रत्येक लाटेत एक पुटक बाकीच्यांना मागे टाकते आणि शेवटच्या लाटेतले तेवढे फुटते. ही माहिती हाताने चाचपून कधीच मिळाली नसती. १९९५ साली पर्सली आणि विल्टबँक यांनी मांडलेली ‘ओव्हसिंक’ ही पद्धत याच ज्ञानावर उभी आहे. पहिल्या दिवशी एक इंजेक्शन, सातव्या दिवशी दुसरे, नवव्या दिवशी तिसरे, आणि मग माज दिसो वा न दिसो, ठरलेल्या तासाला रेतन. आमच्या भागात ती आता सर्रास वापरतात. कुठल्या गाईला वापरावी आणि कुठल्या गाईला नाही, याचा विचार मात्र तितका सर्रास होत नाही.

तीसाव्या दिवशी काय दिसते? गर्भाशयाच्या एका शिंगात काळा, वाल्याच्या दाण्यासारखा वाकडा डाग, तो गर्भजल. त्यात करडा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा ठिपका, तो गर्भ. आणि त्या ठिपक्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकते. ते हृदय. मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा ते उघडझाप करते. पंचविशीच्या सुमारासही ते दिसू शकते, पण मी अठ्ठावीस दिवसांच्या आत कोणालाही तपासणी सुचवत नाही, कारण त्या वयात ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या असतात. पडदा मालकाकडे वळवला की तो डोळे बारीक करून बघतो. आधी त्याला ढगाळ आभाळाखेरीज काही दिसत नाही, मग एकदम लुकलुक सापडते. त्यानंतर शेजाऱ्यांना बोलावले जाते.

‘नाही’ म्हणणे इतके जपून का करायचे, याला कारण आहे. गाय खाली ठरली की आपण पुढचे पाऊल उचलतो. बीजकोषावर पुटक फुटलेल्या जागी जो पिवळसर पिंड तयार होतो, त्याला आम्ही पीतपिंड म्हणतो. तो जिवंत असेल तर प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन त्याला विरघळवते आणि गाय दोन ते पाच दिवसांत माजावर येते. गाय खाली असताना हे औषध म्हणजे वरदान. पण गाभण गाईचा गर्भही त्याच पीतपिंडाच्या आधारावर टिकलेला असतो. पोटात गाभ असताना हेच इंजेक्शन दिले तर गाय गाभडते. मेडिकलच्या दुकानातून बाटली आणून, ‘महिना झाला, माजावर येत नाही’ एवढ्यावर सुई टोचणारे लोक आहेत. माझ्या मते हे इंजेक्शन देण्यापूर्वी सोनोग्राफी करणे हाच या यंत्राचा सर्वांत किफायतशीर उपयोग आहे. तपासणीच्या शुल्काच्या कितीतरी पट किमतीचे वासरू त्यात वाचते.

हाताने तपासणारा अनुभवी माणूस कमी लेखू नये. पस्तिसाव्या दिवशी गर्भपटल बोटांतून निसटताना ओळखणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताला यंत्राची गरज नाही. पण हाताला रंग कळत नाहीत. गर्भाशयात पू भरला असेल आणि पीतपिंड टिकून असेल, तर गाय माजावर येत नाही, गर्भाशय फुगलेले लागते, आणि चाचपणाऱ्याला ती दोन-अडीच महिन्यांची गाभण वाटू शकते. पडद्यावर फरक चटकन कळतो. गर्भजल काळे कुळकुळीत असते. पुवात पांढरे कण तरंगत असतात, प्रोब हलवला की हिवाळी धुक्यात धूळ उडावी तसे फिरतात. अशी गाय चार महिने गाभण म्हणून सांभाळली जाते, मग ‘गाभ जिरला’ म्हणतात. मुळात गाभ नव्हताच. गाठीचेही तसेच. बीजकोषावर अडीच सेंटिमीटरहून मोठी, न फुटणारी पुटी असेल तर तिची भिंत पातळ की जाड हे पाहून औषध ठरते. पातळ भिंतीच्या पुटीला एक इंजेक्शन, जाड भिंतीच्या पुटीला दुसरे. हाताला दोन्ही सारख्याच लागतात.

तीसाव्या दिवशी ‘गाभण’ म्हणून सांगितलेली गाय साठाव्या दिवशी खाली निघते, असेही होते. हा वाद गोठ्यात सर्वांत कडू. मालकाला वाटते यंत्र चुकले. शेजारी म्हणतो यंत्रामुळेच गाभ गेला. प्रत्यक्षात या दोन तपासण्यांच्या मधल्या महिन्यात काही गर्भ निसर्गतःच जातात. परदेशातल्या जास्त दुधाच्या गाईंवरील अभ्यासांत हे प्रमाण शंभरी दहाच्या आसपास आढळलेले आहे. पूर्वी तपासणीच तिसऱ्या महिन्यात होई, त्यामुळे हे गेलेले गर्भ कोणाला कळतच नसत. यंत्राने नुकसान केले नाही, आधीपासून होणारे नुकसान दिसू लागले. म्हणून मी तीसाव्या दिवशीच दुसरी तारीख देऊन ठेवतो : साठाव्या दिवसाची. पहिली तपासणी केली आणि दुसरी टाळली तर पुन्हा तोच अंधार.

यंत्राला काही गोष्टी दिसतात पण करता येत नाहीत. गळीत हंगामात आमच्याकडे वाढे स्वस्त मिळतात. ऊसतोड कामगारांकडून मोळ्या घ्यायच्या आणि गाईपुढे टाकायच्या, पोट भरते. पण वाढ्यांत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला धरून बसते आणि शरीराला ते मिळू देत नाही. चाऱ्यात महिनोन् महिने वाढेच असतील, खनिज मिश्रण नसेल, आणि व्यायल्यानंतर गाय खाल्ल्यापेक्षा जास्त दुधातून देत असेल, तर पडद्यावर दोन लहानसे, गुळगुळीत बीजकोष दिसतात. ना मोठे पुटक, ना पीतपिंड. अशा गाईचा मालक इंजेक्शन मागतो. मी खनिज मिश्रण, मुरघास आणि थोडा धीर धरायला सांगतो, आणि तो नाराज होतो. खिशातून पाचशेची नोट काढायला तो तयार असतो, कारण इंजेक्शन आज देता येते; चारा मात्र दोन महिने बदलावा लागतो. सोनोग्राफीने या बाबतीत एवढेच केले की पूर्वी मी जे तोंडी सांगत होतो ते आता त्याला दाखवता येते. दाखवल्यावरही सगळे ऐकतात असे नाही.

शेळ्या-मेंढ्यांकडे यंत्र कमी वळते, हे मला खटकते. शेळीला हात आत घालून तपासता येत नाही, म्हणून तिच्या बाबतीत यंत्राला पर्यायच नाही. शेळीत एक चमत्कारिक आजार दिसतो : गर्भाशयात नुसते पाणी साठते, पोट वाढते, कासही कधी भरते, आणि दिवस भरल्यावर एक दिवस सगळे पाणी वाहून जाते. करडू नाही. मालकाचे पाच महिने गेले. पडद्यावर पाणी आणि पडदे दिसतात, पण गर्भ नाही, वारेच्या वाटोळ्या गुंड्या नाहीत. मेंढीत दुसराच फायदा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. जुळी देणारी मेंढी कळपात आली की कोणाच्या पोटात एक आणि कोणाच्या पोटात दोन, हे दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान मोजून घेणे फायद्याचे ठरते. जुळ्यांच्या आईला शेवटच्या दीड महिन्यात खुराक कमी पडला तर तीच आजारी पडते, आणि कोकरे अशक्त जन्मतात. चार जास्तीच्या मुठी नेमक्या कोणाला द्यायच्या, हे कळले पाहिजे. आमच्या भागातल्या मेंढपाळाला हे पटते, पण कळप एका जागी थांबत नाही. शिवाय उसातल्या बिबट्यामुळे दिवस मावळायच्या आत वाडा बंद करावा लागतो, त्यामुळे तपासणीला वेळ मिळतो तो भर दुपारचा, आणि भर दुपारी पडद्यावर उन्हाशिवाय काही दिसत नाही. ताडपत्रीखाली डोके घालून काम करतो.

आता कायदा. हे यंत्र घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाला तो माहीत असायलाच हवा. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने आलेल्या ‘३-ब’ या कलमानुसार कायद्याखाली नोंदणी नसलेल्या कोणालाही सोनोग्राफी यंत्र विकता येत नाही. हा कायदा माणसाच्या गर्भासाठी आहे, गाईच्या नव्हे. पण कलमाचे शब्द ‘कोणालाही’ असे आहेत आणि त्यात जनावरांच्या डॉक्टरासाठी वेगळे दार ठेवलेले नाही. यंत्र घेताना मला बरीच कागदपत्रे जमवावी लागली, आणि आपण कोणावर यंत्र चालवणार हे एकाहून अधिक टेबलांवर समजावून सांगावे लागले. त्याची तक्रार करावी असे मला वाटत नाही. शेळीसाठी आणलेला अर्धगोल प्रोब आणि छोटा, बॅटरीवर चालणारा, खांद्याला अडकवता येणारा पडदा ही जोडी चुकीच्या हातात गेली तर काय होईल, हे या राज्याने पाहिलेले आहे. पशुवैद्यकांनी या नोंदींना अडथळा समजू नये. त्यांच्यासाठी कायद्यात सुटसुटीत, वेगळी नोंदणी मात्र असायला हवी. आज ती नाही म्हणून अनेक जण यंत्र घ्यायच्या विचारापाशीच थांबतात, आणि त्याची किंमत गोठे मोजतात.

गाईच्या गर्भाचे लिंग पाहता येते का? येते. पंचावन्न ते सत्तर दिवसांच्या दरम्यान लिंगाचा अंकुर आपली जागा घेतो. नराचा बेंबीकडे सरकतो, मादीचा शेपटीकडे. दोन पांढऱ्या रेघा कुठे आहेत एवढेच पाहायचे. माणसांत ज्या माहितीवरून पोटातल्या मुलीचा जीव गेला, तीच माहिती गोठ्यात कालवड आहे म्हणून आनंदाने ऐकली जाते. संकरित गोऱ्ह्याला आमच्याकडे काम उरलेले नाही. नांगर ट्रॅक्टरने गेला, आणि २०१५ पासून राज्यात वळू-बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणून सगळ्यांना कालवड हवी, आणि म्हणून लिंग वेगळे केलेल्या वीर्याची मागणी वाढते आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वाशीम येथे देशी बनावटीच्या या तंत्राचे लोकार्पण केले. वीर्यच निवडलेले असेल तर पोटातले लिंग पाहण्याची गरजही पुढे कमी होईल. पण अशा वीर्यकांडीत शुक्राणू कमी असतात आणि ती महाग असते. म्हणून ती भरलेली गाय खाली राहिली का, हे लवकर कळणे अधिकच निकडीचे.

अपवाद खिल्लारचा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. २०१४ ला शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्यानंतर घाटात पळणाऱ्या खोंडाला पुन्हा भाव आला. एकाच गल्लीत एका गोठ्यात कालवड म्हटल्यावर पेढे वाटतात आणि शेजारच्या खिल्लार गाईच्या मालकाला खोंड ऐकायचे असते. खिल्लार गाय स्वभावाने तिखट. खोड्यात घेतल्याशिवाय प्रोब लावू देत नाही, आणि खोड्यातही शेपटीचा एक फटका डॉक्टरच्या तोंडावर बसतोच.

एवढे सगळे यंत्र करते, पण ते सुरू करायच्या आधी मला एक गोष्ट लागते : रेतनाची तारीख. ती चुकली तर अठ्ठावीस दिवसांचा आणि अठरा दिवसांचा हिशेब एकत्र होतो, आणि मी खाली म्हणालो तर एखादा जिवंत गाभ इंजेक्शनने जाऊ शकतो. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या बारा आकडी नंबरावर सरकारी नोंद असते, पण ती प्रत्येक वेळी झालेली असतेच असे नाही. सर्वांत भरवशाची नोंद मला मिळते ती स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. दूधवाल्याचा खाडा, गॅसची टाकी, भिशीचा हप्ता लिहिलेल्या कालनिर्णयच्या चौकटीत घरातल्या बाईने ‘चांदी – सुई’ असे लिहिलेले असते. मालकाला तारीख विचारली तर तो ‘गेल्या अमावास्येच्या अलीकडे’ म्हणतो. मी आत हाक मारतो, ‘वहिनी, कॅलेंडर बघता का जरा?’, आणि मगच हातमोजा चढवतो.